भेटीचा उद्देश

३ मार्च, मंगळवार

वकीलबाईंनी बजावलं आहे, "काका, आठवतंय तोवर सगळं तारीखवार लिहून काढा. अर्जात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा पंचाईत." बाई खरोखरच्या वकील आहेत की नाहीत, देव जाणे. औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली आहे. तिथे बसून त्या लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून देतात, आणि सगळे त्यांना वकीलबाईच म्हणतात. तेव्हा लिहितो. आजवर मी चिठ्ठीखेरीज काही लिहिलेलं नाही, आणि चिठ्ठीवरही दातांचा रंग आणि माप एवढंच.

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, मी दात घडवतो. पस्तीस वर्षं झाली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लग्नानंतर सरहद्दीपलीकडे वहिनीच्या गावी स्थायिक झाला. तो आता सत्तरीचा. जानेवारीत वहिनीनं त्याचा फोटो पाठवला. आ वासलेला, तोंडात एकही दात नाही. मी फोटो हिला दाखवला. ही म्हणाली, "अहो, जगाचे दात करता, आणि सख्ख्या भावाला पेज प्यायला लावता?" झालं. मी तिकीट काढलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळची बस, पाच तासांत सरहद्द. आमच्याकडच्या माणसाला तिकडे महिनाभर जायचं तर नुसता पासपोर्ट पुरतो. माझ्या बॅगेत दोन शर्ट, आणि बाकी सगळी हत्यारं. माप घ्यायचे ट्रे, मेण, घासण्या, दातांच्या चार पट्ट्या आणि प्लास्टरच्या पुडीचं पाकीट. पांढऱ्याशुभ्र पुडीचं.

खिडकीत एक अधिकारी मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, "कशाला आलात?"

"भावाचे दात करायला."

"म्हणजे काम करायला."

"काम कसलं त्यात? भाऊ आहे माझा."

"एकट्या भावाचेच करणार?"

इथे माझी जीभ घसरली. मी आपला मोठेपणानं म्हणालो, "वहिनीचेही बघीन. शेजारीपाजारी कुणी असलं तर त्यांना का नाही म्हणायचं?"

आ बैल मला मार, दुसरं काय. मला बाजूच्या खोलीत नेलं. बॅग टेबलावर उलटी केली. पुडी एकानं हुंगली, मग दुसऱ्यानं हुंगली, मग कुत्रा आणला. कुत्रा शिंकला. "पाणी घातलं की घट्ट होतं," मी सांगितलं, तर मला म्हणाले, गप्प बसा. माझी दातखीळच बसली. चार तासांनी हातात कागद ठेवला. काम करण्याच्या हेतूनं आल्याचा संशय, प्रवेश नाकारला. यापुढे यायचं झालं तर आधी व्हिसा काढून यायचं.

दादा पलीकडच्या स्टँडवर सकाळपासून थांबला होता. मी फोन करून सांगितलं, "दादा, मला परत पाठवतायत." तो म्हणाला, "बरं. सावकाश जा. पोचलास की सांग."

हात हलवत परत आलो. बॅग मात्र जड होती.

४ मार्च, बुधवार

काल लिहायचं राहिलं. परत आलो तेव्हा दार उघडताना हिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. जेवण तयार होतं, माझं ताटही मांडलेलं. मी म्हटलं, "तुला कसं कळलं मी येतोय ते?" ही म्हणाली, "वाटलं." बत्तीस वर्षांच्या संसारात बायकांना असं वाटायला लागतं बहुतेक.

९ मार्च, सोमवार

वकीलबाईंकडे पहिली बैठक. अर्ज अठरा पानी. नाव, जन्म, आईवडील इथवर ठीक चाललं. सातव्या पानावर प्रश्न आला : आपल्याला यापूर्वी कोणत्याही देशात प्रवेश नाकारण्यात आला आहे काय? होय किंवा नाही.

जिन्याखाली झेरॉक्सवाला बसतो, त्यानं मला येतानाच गाठलं होतं. "काका, तिथे नाही लिहा. कोण बघतंय? होय लिहिलं की अर्ज टोपलीत." खोटं कशाला बोलू, जिना चढताना माझं मन डळमळलं होतं. पेन 'नाही'च्या चौकोनावर नेलंही होतं.

वकीलबाई चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "काका, परत पाठवणं हा काही गुन्हा नाही, लपवणं हा आहे. त्यांच्या यंत्रात तुमचं नाव, फोटो, तो कुत्रा शिंकला तेसुद्धा असेल."

मी 'होय'वर खूण केली. इतकी दाबून केली की मागच्या पानावर उमटली.

मग आला भेटीचा उद्देश. बाई म्हणाल्या, "हे तुमचं तुम्ही लिहून आणा. आणि एक लक्षात ठेवा. दातांचं नाव काढायचं नाही. हत्यारं न्यायची नाहीत. तिकडे कुणाच्या तोंडात बोट घालायचं नाही. तुम्ही पाहुणे. कळलं?"

"मग जायचं कशाला?" मी विचारलं.

बाई हसल्या. "तेच लिहायचंय."

१४ मार्च, शनिवार

पाच दिवस झाले, उद्देश काही जमत नाही. पहिल्यांदा तीन पानं लिहिली. दात गेल्यावर हिरड्या कशा झिजतात, गालफडं कशी बसतात, चावता येईना की माणूस कसा खंगतो. वकीलबाईंनी तीन पानांवर एकच तिरकी रेघ मारली. "यात भाऊ कुठाय?"

दुसऱ्यांदा लिहिलं, "पर्यटन." बाईंनी विचारलं, तिकडे काय बघणार? मला दादाच्या गावातलं काहीच ठाऊक नाही. तिथे नदी आहे की टेकडी, तेही नाही.

ही म्हणाली, "अहो, सरळ लिहा ना, भावाला भेटायला जायचंय म्हणून."

"एवढंच? एवढ्यासाठी कुणी अठरा पानं भरतं?"

"लोक भरतात," ही म्हणाली आणि विणकाम घेऊन बसली. दादासाठी स्वेटर विणतेय. मी म्हटलं, बाह्या आखूड होतील, दादा माझ्यापेक्षा उंच आहे. ही म्हणाली, "आता तेवढे नाहीत, वाकलेत जरा." हिचा अंदाज. बघू.

खरं सांगायचं तर (ही वही वकीलबाईंना दाखवायची नाही असं मी आता ठरवलं आहे) दादाला नुसतं भेटायला जायची मला लाज वाटते. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. दादाला त्याच दिवशी कळवलं होतं. तो आला तिसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. दार मी उघडलं. तो बॅग घेऊन उभा, दाढी वाढलेली. मागे नातेवाईक बसले होते, आणि त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आता कशाला आलास?"

तो काही बोलला नाही. आत आला, आईपाशी बसला, पाणी प्यायला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर वर्षातून दोन फोन. नव्या वर्षाचा तो करतो, त्याच्या वाढदिवसाचा मी करतो. हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, ठेवू मग. आई गेली तेव्हा तो इस्पितळात होता, येऊ शकला नाही. मी त्यावरही काही विचारलं नाही.

दातांचं निमित्त होतं म्हणून पाय उचलला होता. त्या मुलीनं नेमकं तेच काढून घेतलं.

१५ मार्च, रविवार

दादाला फोन केला. तिकडून निमंत्रणाचं पत्र लागतं ना. एरवी दोन मिनिटांत आटपतो, आज अकरा मिनिटं झाली. बोलता बोलता तो काहीतरी खात होता, कुडुमकुडुम आवाज येत होता. विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे, लाइनमध्ये खरखर आहे."

एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. बिनदातांच्या माणसाला 'स' नीट काढता येत नाही, हवा निसटते. दादाचा 'स' खणखणीत. "सगळे सुखरूप ना?" असं म्हणाला आणि एकही स फसला नाही. आमच्या घराण्याच्या हिरड्याच मजबूत. बाबांच्याही तशाच होत्या.

२४ मार्च, मंगळवार

कागद गोळा करण्यात आठवडा गेला. मी परत येणारच आहे, तिकडे ठाण मांडणार नाही, हे सिद्ध करायचं असतं. त्यासाठी इकडे कोण कोण माझी वाट बघतंय त्याचे पुरावे.

डॉक्टरीणबाईंकडे पत्र मागायला गेलो. वीस वर्षं त्यांचं काम करतोय. माझी कवळी बोटात फिरवून "हं" म्हणतात, बस्स. त्यांनी टाइप करून दिलं, "यांच्याइतका चोख कारागीर माझ्या पाहण्यात नाही. हे महिन्याभरात परत न आल्यास माझ्या रुग्णांचे हाल होतील." जिना उतरताना ते तीनदा वाचलं. घरी आल्यावर हिनं वाचलं आणि म्हणाली, "बघा, आणि तुम्ही म्हणत होता बाईंना तुमची किंमत नाही."

दुसरं पत्र न मागता मिळालं. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांची वरची कवळी दुरुस्तीला माझ्याकडे. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं, "या गृहस्थांना परत येणे भागच आहे, कारण माझे वरचे दात त्यांच्या ताब्यात आहेत." मला वाटलं थट्टा आहे, पण वकीलबाईंनी ते पत्र फायलीत सगळ्यात वर लावलं. म्हणाल्या, एवढा भक्कम पुरावा त्यांनी या खुर्चीत बसून बघितला नाही.

दादाचं निमंत्रण काही येईना म्हणून मी तळमळत होतो. ही म्हणाली, "येईल उद्यापर्यंत. शुक्रवारी टाकलंय, वहिनींचा गुडघा दुखत होता म्हणून दोन दिवस उशीर झाला." आणि आज खरोखर आलं! शिक्का शुक्रवारचाच. मी हिला म्हटलं, तू ज्योतिषी व्हायला हवी होतीस. ही स्वेटरमध्ये तोंड खुपसून खोकत राहिली. धूळ फार झालीय घरात.

पत्रात दादानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, "माझा धाकटा भाऊ माझ्या घरी राहील. जेवणखाण माझ्याकडे. त्याच्यासाठी खोली तयार आहे." अक्षर अजून तसंच, प्रत्येक ओळ उजवीकडे वर चढत जाणारी. ते पत्र अजून माझ्या खिशातच आहे, फायलीत उद्या देईन.

आणि उद्देश लिहिला. चौकोनात चार ओळींची जागा होती, मी एकच भरली. भावाला भेटणे.

८ एप्रिल, बुधवार

आज मोठ्या शहरात मुलाखत. व्हिसा कचेरीत गुबगुबीत खुर्च्या, पण सगळे कडेवरच बसलेले. माझा नंबर साडेअकराला आला. काचेपलीकडे पन्नाशीचे साहेब, चेहरा इस्त्री केल्यासारखा.

त्यांनी फाईल चाळली. मास्तरांच्या पत्रापाशी जरा थबकले. मग म्हणाले, "गेल्या वेळी तुमच्या बॅगेत छप्पन्न दात होते."

"हो साहेब. चार पट्ट्या, चौदा चौक छप्पन्न."

"या वेळी किती नेणार?"

"माझे स्वतःचे. एकोणतीस."

हसले नाहीत. "हत्यारं?"

"दाढीचं सामान."

"भाऊ काय करतो?"

"आता निवृत्त. आधी वाचनालयात होता."

"घरात खोल्या किती?"

"ठाऊक नाही."

"भावाच्या घरी कधीच गेला नाहीत?"

"नाही."

"शेवटची भेट?"

"नऊ वर्षांपूर्वी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सख्खा भाऊ, सात तासांच्या अंतरावर. नऊ वर्षं भेट नाही, आणि आता एकाएकी भेटायची ओढ लागली. मी यावर का विश्वास ठेवावा?"

वकीलबाईंनी उत्तरं घोकून घेतली होती, पण हा प्रश्न त्यात नव्हता. मी म्हटलं, "मी त्याला एक वाक्य बोललो होतो, साहेब. लोकांसमोर."

"काय बोललात?"

"आता कशाला आलास, असं."

"मग त्यानं काय उत्तर दिलं?"

"काहीच नाही. मीही पुढे विचारलं नाही. गेल्या खेपेला दात करून द्यायला निघालो होतो. दात बसवले की तेवढ्यानं भागलं असतं, बोलायला लागलं नसतं. आता तुम्ही लोकांनी हत्यारं काढून घेतलीत. आता मला तसंच जायला लागणार."

साहेबांनी चष्मा पुसला. काहीतरी लिहिलं, बरंच लिहिलं. म्हणाले, "कळवू."

बाहेर ही बाकावर बसली होती. "कसं झालं?" मी म्हटलं, "दातांचं नाव काढायचं नव्हतं ना, मी आठदहा वेळा काढलं." तिनं पिशवीतून पाव काढून माझ्या हातात दिला. खाल्ला. भूक कडकडून लागली होती.

१९ एप्रिल, रविवार

काही नाही.

२२ एप्रिल, बुधवार

काही नाही. मास्तरांची कवळी झाली, पण ते न्यायला येत नाहीत. म्हणतात, "व्हिसा येईपर्यंत राहू दे तुमच्याकडे, पुरावा कायम असावा." मऊ खाऊन दिवस काढतायत बिचारे.

आज एक विचार आला तो लिहून ठेवतो. नाही मिळाला व्हिसा तर काय? तर सुटलो, असंही वाटलं. प्रयत्न केला, सरकार नाही म्हणालं, माझा दोष नाही. असं वाटलं त्याची दिवसभर टोचणी लागली. संध्याकाळी दादाला फोन केला, वाढदिवस नसताना. वहिनी म्हणाल्या, "झोपलेत जरा. पण थांबा, उठवते." मी नको नको म्हणेपर्यंत तो आलाही. आवाज बोबडा, 'स'चा 'श' होत होता. झोपेतून उठल्यामुळे असणार. म्हणाला, "शगळं ठीक ना रे?" मी म्हटलं, ठीक. त्यानं विचारलं, "कळलं नाही काही?" मी म्हटलं, नाही. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

३० एप्रिल, गुरुवार

आला! एका खेपेचा, तीस दिवसांचा. खाली जाड ठशात : कोणतेही काम करण्यास मनाई.

वकीलबाईंना सांगायला गेलो तर त्यांनी दोन्ही हात वर केले. झेरॉक्सवाला म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटला होतास ते मला आठवतंय बाबा. मास्तरांनी कवळी नेली आणि तिथल्या तिथे एक सफरचंद खाऊन दाखवलं.

११ मे, सोमवार

पुन्हा तीच सकाळची बस. हत्यारांची पेटी फळीवर ठेवून निघालो, तर हाताला सवय नाही, स्टँडवर दोनदा वाटलं काहीतरी विसरलो.

खिडकीत या वेळी वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पासपोर्ट यंत्रावर धरला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "तिकडे बसा." पुन्हा तीच बाजूची खोली. म्हटलं, झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि आली कोण? तीच मुलगी. तिनं मला ओळखलं, मी तिला ओळखलं. बॅग उघडली. शर्ट, स्वेटर, दाढीचं सामान, भाजलेल्या शेंगा.

"कशाला आलात?"

"भावाला भेटायला."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तिनं व्हिसा खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला. परत आली, दार लोटून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, माझ्या आईची खालची कवळी सारखी निसटते. काय करावं?"

मी काही दुधखुळा नाही. म्हटलं, "बाई, मी पाहुणा आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ती इतकी हसली की बाहेरून कुणीतरी डोकावलं. शिक्का मारला, पासपोर्ट हातात दिला. मी दारापर्यंत गेलो आणि राहवेना. वळून म्हटलं, "रात्री काढून पाण्यात ठेवते का? कोरडी पडली की वाकते. एवढं विचारा आईला. हे काम नाही, नुसतं बोलणं आहे."

पुढे दोन तासांचा रस्ता. स्टँडवर दादा उभा होता. वाकलाय खरा. मला बघून तो हसला.

आणि तोंडभर दात! वरचे चौदा, खालचे चौदा.

१२ मे, मंगळवार

काल लिहायचं त्राण नव्हतं, रागही होता. दादानं कवळी दोन वर्षांपूर्वीच बसवली आहे. फोटोपुरती काढली होती. स्टँडवरच विचारलं, "हे काय?" तर म्हणतो, "तुझ्या वहिनीनं सुचवलं. म्हणाली, तोंड रिकामं दिसलं तर पठ्ठ्या धावत येईल. नुसतं ये म्हटलं असतं, तर आला असतास?"

मी घरापर्यंत त्याच्याशी बोललो नाही. मला सरहद्दीवर कुत्र्याकडून हुंगवून घ्यायला लागलं, ते बत्तीशी असलेल्या माणसासाठी! पण रिक्षात त्यानं माझी बॅग मांडीवर घेतली होती, आणि घर येईपर्यंत सोडली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काय बोलणार?

स्वेटर तंतोतंत बसला. त्यांच्या फडताळात आमच्या नातीचा फोटो आहे, शाळेच्या गणवेशातला, अगदी गेल्या महिन्यातला. हा कुठून आला, विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "आला असेल कुठूनतरी, भाऊजी. चहा घेता ना?" हल्ली फोटो कुठून कुठे जातात, पत्ता लागत नाही.

दादाची कवळी मात्र गचाळ आहे. खालची हलते, चावताना खटखट वाजते. कुणी केली कोण जाणे. माझे हात शिवशिवतात. जेवताना तो म्हणाला, "बघ ना जरा." मी म्हटलं, "लिहून दिलंय मी. काम करायला बंदी आहे." तो म्हणाला, "घरात कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतोय." वहिनींना ठसका लागला.

१५ मे, शुक्रवार

आज सकाळी आम्ही दोघंच गच्चीवर होतो. वहिनी बाजारात गेलेल्या. दादा शेंगा फोडून देत होता, मी खात होतो. तो म्हणाला, "तुला त्या खोलीत किती वेळ बसवलं?"

"चार तास."

"मला दीड दिवस."

मला कळेना. तो शेंगा फोडतच राहिला. म्हणाला, "बाबा गेल्याचा निरोप आला तसा निघालो. पासपोर्टची मुदत संपलेली, लक्षातच नव्हतं. मी म्हटलं, माझे वडील गेलेत हो. ते म्हणाले, सगळे असंच सांगतात. दातांच्या कण्या केल्या त्यांच्यापुढे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी साहेब आले, त्यांनी तुझ्या वहिनीला फोन लावून खातरजमा केली, मग सोडलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

विचारलं होतं. पण कसं विचारलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. म्हणाला, "आणि सगळी माणसं बसलेली. त्यांच्यासमोर काय सांगू, की मला चोरासारखं कोंडलं होतं म्हणून? वाटलं, नंतर सांगू. नंतर नंतर करत राहिलं."

मी हातातले दाणे खाली ठेवले. म्हटलं, "दादा, चुकलं माझं." नऊ वर्षांत हे वाक्य मी मनात नाना तऱ्हांनी घडवलं होतं, तासून तासून. तोंडातून निघालं ते एवढंच.

"माझंही," तो म्हणाला. "धर." आणि सोललेल्या दाण्यांची ओंजळ माझ्या हातात रिकामी केली. मग आम्ही बाबांविषयी बोललो. जेवायला हाक येईपर्यंत बोलत होतो.

१७ मे, रविवार

दादाच्या गावात नदीही आहे आणि टेकडीही. सकाळी तो मला गाव दाखवायला घेऊन निघाला. दाखवायला म्हणजे मला लोकांना दाखवायला. दर दहा पावलांवर थांबायचा. चहावाला, शिंपी, वाचनालयातल्या बाई, पुलावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा. कुणी विचारो न विचारो, माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "हा माझा धाकटा भाऊ."

शिंप्यानं विचारलं, "काही कामानिमित्त का?"

मी उत्तर देणार, तर दादानं मला अडवलं. छाती काढून, खालची कवळी खटखट वाजवत, शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काम? छे! काहीएक काम नाही त्याला इथे. मला भेटायला आलाय."